आम्हांस परीक्षेत आणू नको, आमचे आम्ही येतो

मोहाला तोंड कसं द्यावं, असं विचारणारी माणसं पुण्यात अजून आहेत, याचं मला कौतुक वाटतं. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, मंडळीची म्हणजे चर्चची वर्गणी वेळेवर जाते, नाताळात करंज्या घरीच होतात. आता मोहाशी झटापट कशाला? तुम्हाला खरं तर एवढंच हवंय, की मोह आपल्या जागी राहावा आणि आपलं नाव आपल्या जागी. ते मुळीच अवघड नाही. आपल्याकडे त्याची पिढ्यानपिढ्या चालत आलेली पद्धत आहे, कुणी लिहून ठेवली नव्हती इतकंच.

आधी जबाबदारी कुणाची ते ठरवून टाका. पाय घसरला की लगेच म्हणायचं, "वैऱ्याने फार हल्ला केला हो." वैरी म्हणजे सैतान. सुनेला तोडून बोललात? वैरी. रात्री दीडपर्यंत मोबाइलवर रमी खेळलात? वैरी. ही रीत एदेन बागेपासूनची आहे. आदामाने हव्वेकडे बोट दाखवलं, हव्वेने सापाकडे, आणि सापाला तर कुणी काही विचारलंच नाही. अडचण फक्त याकोबाची. त्याने बायबलमधल्या आपल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहून ठेवलंय की माणूस मोहात पडतो तो आपल्याच वासनेने ओढला जाऊन. तेव्हा बायबल अभ्यासात याकोबाचं पत्र सुरू झालं की त्या आठवड्यात गुडघा दुखू द्यावा.

दुसरं, लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ. त्याग करायचा तर असा, की लोकांना दिसेल आणि आपल्याला लागणार नाही. डॉक्टरांनी गोड बंद केलंच असेल तर पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, जाहीर करून टाका, "यंदा मी गोड सोडलंय." घोषणेनंतर एकदा ईस्ट स्ट्रीटवरून कयानीच्या दारापर्यंत जाऊन, श्रूजबेरीचा तो लोण्याचा वास घेऊन, कुणीतरी ओळखीचं बघत असताना परत फिरावं. आणि अगदीच राहवलं नाही तर शनिवारी अर्धा किलो आणून ठेवावीत. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात ४६; त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून ४०. ही सूट ज्याने शोधून काढली तो मूळचा पुण्याचाच असावा.

गोड सोडल्यामुळे बाकीच्या गोष्टी सुरक्षित राहतात, हा खरा फायदा. आजोबांच्या घोरपडीतल्या घराच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी धरलेला अबोला, उदाहरणार्थ. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. यावर आता सोय झाली आहे. अर्पण क्यूआर कोडने करावं. वेदीपाशी जायचंच नाही, म्हणजे तिथून परत फिरण्याचा प्रश्न येत नाही.

आता जिभेकडे वळू. चहाडी हे पाप आहे. प्रार्थनेचा विषय हे पाप नाही. एवढा भेद ध्यानात ठेवलात तर आयुष्यात काही कमी पडणार नाही. बुधवारची घरसभा, वानवडीतला कुणाचा तरी फ्लॅट. गीत झालं, वचन झालं, आता विषय मांडायचे. इथे आवाज एक पट्टी खाली आणावा. "एक नाजूक विषय आहे. नाव घेत नाही, प्रभूला ठाऊक आहे." मग थांबावं. "आपल्याच मंडळीतलं कुटुंब आहे. मुलगी हिंजवडीला असते." पुन्हा थांबावं. "आधी क्वायरमध्ये आल्टो गायची ती." समोरच्या मावशींच्या तोंडून "अरे देवा" निघालं की नाव पोचलं असं समजावं. "हल्ली रोज कुणीतरी सोडायला येतं. आपल्यातलं नाही. प्रभूने मार्ग दाखवावा." एखादे काका "गाडी कुठली?" असं विचारतील, प्रार्थना नेमकी व्हावी म्हणून विचारतात, सांगून टाका. मग डोळे मिटून तीच हकीकत परमेश्वराला ऐकवायची, सोसायटीच्या विंगसकट, उगाच त्याचा घोळ व्हायला नको. आमेननंतर चहा आणि खारी येते. राहिलेले तपशील तेव्हा.

अशा सभांत किडनी स्टोन, व्हिसा आणि दुसऱ्यांच्या मुली एवढे विषय हमखास असतात. "मला पैशाची हाव सुटत नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा," असं म्हणून कुणी खारी थंड होऊ दिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. (खारी थंडच असते, पण मुद्दा समजला असेल.)

वचनं पाठ असावीत, फक्त अर्धी. यात आपला गुरू कोण ते सांगत नाही. त्याने येशूला मोहात पाडायला मंदिराच्या शिरोभागी उभं करून ९१वं स्तोत्र ऐकवलं होतं, आणि त्यातले "तुझ्या सर्व मार्गांत" हे शब्द तेवढे गाळले होते. तसंच आपणही करावं. "आत्मा उत्सुक आहे खरा, पण देह अशक्त आहे," हे भाच्याच्या लग्नातल्या तिसऱ्या पेगला म्हणायचं. त्याच वचनाच्या सुरुवातीला "जागृत राहा व प्रार्थना करा" असं आहे, ते तिथे म्हणू नये, मंडपाचा मूड जातो. तापट स्वभावाला "माझ्या देहातला काटा" म्हणावं, म्हणजे तेच म्हणणाऱ्या प्रेषित पौलाच्या पंगतीत बसता येतं. पौलाने तो काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली होती. आपण एकदाही केलेली नाही, पण पंगतीत कुणी तेवढं विचारत नाही.

रात्रीच्या मोबाइलबद्दल थोडक्यात. बायको झोपलेली, खोलीत अंधार, स्क्रीनचा उजेड अगदी कमी केलेला. वर आजचं वचन येतं आणि अंगठा ते सराईतपणे बाजूला सारतो. बायबलमधला योसेफ, पोटीफराची बायको मोहात पाडू लागली तेव्हा, तिच्या हातात वस्त्र टाकून पळाला होता. आपण पळू नये, लक्ष्मी रोडवर कपड्यांचे भाव काय झालेत बघा. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की देव परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही करतो. हा उपाय पुष्कळदा तीन टक्के बॅटरीच्या रूपाने येतो. म्हणून चार्जर उशाशी असावा. आणि मन फारच खायला लागलं तर संत ऑगस्टीन आहेच; तरुणपणी तो प्रार्थना करायचा, मला शुद्ध कर, पण एवढ्यात नको. तो पुढे बिशप झाला. आपल्याला एवढ्यात कुठे व्हायचंय?

कुणी पकडलंच, तर या शहरात दाखला तयार आहे. १८९० साली गोपाळराव जोशींच्या खटपटीने पुण्यातली बडी हिंदू माणसं पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमली, समोर चहा आला. कुणी प्याले, कुणी नुसता कप पुढ्यात घेऊन बसले. नावं छापून आल्यावर, ख्रिस्ती लोकांकडचा चहा म्हणून, गावात हलकल्लोळ झाला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, पाहुण्यांत टिळक होते, रानडे होते, प्रायश्चित्तं झाली. मिशनवाल्यांना तो चहा रोजचाच. पाप होतं की नव्हतं ते सोडा, त्या लोकांनी निदान चार माणसांसमोर निस्तरलं. आपण त्यातलं कपवाल्यांचं धोरण उचलावं: मी नुसतं बघत होतो.

माणसापुढे मात्र कबुली देऊ नये. आपापली पापं एकमेकांजवळ कबूल करा, हेही त्या याकोबानेच, पाचव्या अध्यायात. कॅथलिक भावंडांना निदान जाळीआडच्या फादरपुढे गुडघे टेकावे लागतात. आपल्याला मध्यस्थ लागत नाही, आपलं थेट देवाशी. आणि देव क्वायरमध्ये नाही, कमिटीत नाही, सोयरिकी जुळवत नाही. एखाद्या जुन्या मित्राने कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तुझं ते पिणं कुठवर आलं रे?" तर त्याची चौकशी करावी. त्याचंही काहीतरी असतंच.

राहता राहिले पाळकसाहेब. उपासना संपली की ते दारात उभे राहून हात मिळवतात, "काय, कसं चाललंय?" म्हणतात. क्वचित एखादे असे निघतात की हात सोडत नाहीत, खरंच उत्तराची वाट बघतात. गडबडून जायचं नाही. "प्रभूची कृपा, सगळं छान," म्हणून हात सोडवून घ्यावा आणि पुढे सरकावं. मागे रांग असते, त्यांनाही तेच सांगायचं असतं, आणि तिकडे मटणाच्या दुकानात चाप संपत आलेली असते.