कोणाचो रे तो निळो?

परवा भाच्याची जिल्हा निवड चाचणी बघायला गेलो होतो. बॉक्सिंगची. हॉलमध्ये दोनेकशे प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या आणि माणसं तीस-पस्तीस. त्यातली निम्मी पोरं हाताला पट्ट्या गुंडाळत आपल्या नंबराची वाट बघत बसलेली. उरलेले कोच आणि आमच्यासारखे चार घरचे. तिकीट नव्हतं, पंखे चालू होते, एसटी स्टँड पाच मिनिटांवर. तरी खुर्च्या रिकाम्या.

बाहेर पडताना एक जण म्हणाला, "कोकणात बॉक्सिंग कोण बघणार? आपली माणसं क्रिकेटवाली." मला हे अजिबात पटत नाही. त्याच रात्री शेजारच्या वाडीत डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना होता, 'जंगी सामना' म्हणून महिनाभर बॅनर लागलेले. रात्री दोन वाजता मंडपाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. एका बुवांची बारी झाली की दुसऱ्यांनी उत्तर द्यायचं, पुन्हा पहिल्यांनी त्यावर चढवायचं. मला तर यात आणि बॉक्सिंगमध्ये पखवाजाइतकाच फरक दिसतो. फक्त तिथे येणारा प्रत्येक जण घरातूनच बाजू घेऊन निघालेला असतो. बुवा कुठल्या गावचे, कोणाचे शिष्य, मागच्या वेळी समोरच्याला कुठल्या गजरात गप्प केलं होतं, सगळं तोंडपाठ. मग डुलकी कशी येईल?

आता आमची चाचणी ऐका. सकाळी सातला वजन. पोरगा आदल्या रात्रीपासून उपाशी, पाण्याचे घोटसुद्धा मोजून. लढती दहाला सुरू होणार होत्या. प्रमुख पाहुणे साडेबाराला आले, मग नारळ, हार, शाल आणि 'खेळाचे जीवनातील महत्त्व'. आई गावाहून पहिल्या एसटीने नातवाची लढत बघायला आली होती, मांडीवर घावण्यांचा डबा घेऊन. अडीच वाजता एकदाचं त्याचं नाव पुकारलं. तो रिंगमध्ये चढला, चारी दिशांना नमस्कार केला. समोरचा मुलगा आलाच नव्हता. पंचांनी भाच्याचा हात वर केला. वॉकओव्हर. अंगातला बनियन कोरडा ठणठणीत.

आईने माझ्याकडे बघितलं. "झाला? कोणाक मारूक पण नाय आणि जिकलो?"

तिला पुढच्या वर्षी ये म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

वेळेचा हा गोंधळ एक झाला. दुसरं म्हणजे दिसत नाही. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, जमिनीवर, कुठूनही बघा, कोण कोणाला धरतोय ते कळतं. आणि गुण शेंबडं पोर सांगेल. बॉक्सिंगची रिंग ६.१ मीटरची, चौथऱ्यावर, चार दोऱ्यांच्या आड, वर पंचाची पाठ. तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, त्यातला जो ठोसा निकाल फिरवतो तो नेमका तुमच्याकडे पाठ असताना बसतो. पुढे कोण आहे हे कोपऱ्यावरच्या फलकावर लावायला काय हरकत आहे? आमच्याकडे पंचांच्या गुणांचे कागद टेबलावरच राहिले. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९ किंवा कमी, एवढं साधं गणित आहे, पण बघणाऱ्याला कोणी सांगेल तर ना! शेवटी अचानक एकाचा हात वर जातो आणि आपण शेजाऱ्याला विचारतो, "असं कसं?"

हे फक्त आमच्या तालुक्याचं दुखणं आहे असं समजू नका. २५ मे १९६५ ला मोहम्मद अली आणि सॉनी लिस्टन यांची दुसरी लढत अमेरिकेत लुइस्टन नावाच्या छोट्या गावात झाली. जगज्जेतेपदाची, हेवीवेट! प्रेक्षक २,४३४. आमच्या जत्रेला याहून जास्त चपला हरवतात. लढत आधी बॉस्टनला ठरलेली, ती ऐनवेळी तिथे हलवली. जगभरचे लोक ती थिएटरच्या पडद्यावर बघणार होते, खरा पैसा तिथला, मग हॉल भरला काय नि न भरला काय. जे आले त्यांच्यासमोर लिस्टन पहिल्याच फेरीत आडवा झाला, आणि कित्येकांना ठोसा दिसलाच नाही.

आणि तोच अली १९७४ मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासाला, समोर जॉर्ज फोरमन. अमेरिकेच्या टीव्हीची सोय म्हणून लढत तिथल्या वेळेप्रमाणे पहाटे चारच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे दशावतार भरात आलेला असतो तेव्हा. स्टेडियम भरलेलं. कारण अलीने आठवडे आधीपासून तिथल्या लोकांना आपलंसं करून टाकलं होतं. फोरमनही काळाच, तोही अमेरिकेचाच, पण लोकांच्या लेखी तो परका झाला आणि हा घरचा. 'अली, बोमा ये', म्हणजे 'अली, मार त्याला' म्हणत सगळे ओरडत होते.

आपल्या दारात तर २०२१ च्या मार्चमध्ये विजेंदर सिंग लढून गेला. ऑलिंपिकचं कांस्य मिळवलेला माणूस, पणजीत, कॅसिनोच्या जहाजाच्या गच्चीवर. व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव त्याने तिथे पत्करला. कोविडचे दिवस, गर्दी चालणारच नव्हती, मान्य. पण सावंतवाडीपासून दोन तासांवर एवढी मोठी गोष्ट घडली आणि मला ती दुसऱ्या दिवशी मोबाईलवर कळली.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे माणूस दिसला की पहिला प्रश्न 'खंयचो?' आणि दुसरा 'कोणाचो?' याची उत्तरं मिळाल्याशिवाय आपण कोणाच्या लग्नातसुद्धा मनापासून जेवत नाही. आणि हॉलमधला निवेदक दिवसभर काय सांगत होता? "रेड कॉर्नर, ब्लू कॉर्नर, बाउट नंबर चौदा." माईकमध्ये खरखर, नाव अर्धवट. गाव नाही, शाळा नाही, बापाचा धंदा नाही. दोन अनोळखी पोरं एकमेकांना मारतायत हे बघायला कोण दिवस मोडून येईल?

साडेतीनच्या सुमारास चहावाला किटली घेऊन फिरत होता. दोन दिवस तो तिथेच, पण रिंगकडे बघायची त्याला गरज पडली नव्हती. माझ्या हातात कप देताना सहज म्हणाला, "कोणाचो रे तो निळो?" मला योगायोगाने माहीत होतं. म्हटलं, "वेंगुर्ल्याचो. बापूस ट्रॉलरवर असता. पहाटे पाचाक किनाऱ्यार धावता पोरगो."

"आमच्या वेंगुर्ल्याचो?" किटली खाली ठेवली त्याने. दुसऱ्या फेरीत तो दोरीपाशी होता. तिसरीत "हात वर घे रे मेल्या!" म्हणून कोचच्या वरताण ओरडत होता. निळ्याच्या विरोधात निकाल लागल्यावर पंचांना त्याने मालवणीत जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. तसाच फणफणत बाहेर गेला. माझ्या चहाचे दहा रुपये घ्यायचे राहिले.