गिनी फाउलची हगवण आणि सर्वत्र फिरणारा एक सल्ला

परसात गिनी फाउल हा कोंबडीसारखा पक्षी पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. हा पक्षी मुळात आजारी पडत नाही. तरीही हगवण लागलीच तर ताकात हळद आणि लसूण कालवून पाजावे. गुण न आल्यास माणसांच्या मेट्रोनिडाझोलच्या गोळीचा तुकडा द्यावा. पुढे ब्रॉयलरचे, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांचे, खाद्य सुरू करावे, कारण त्यात औषध असतेच, असा त्याचा आशय आहे. यातील शेवटची सूचना पक्ष्यांच्या जिवावर बेतू शकते.

पक्षी काटक आहे, हे प्रौढ गिनी फाउलपुरते बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र 26 ते 28 दिवसांच्या उबवणीनंतर निघालेली पिले पहिल्या काही आठवड्यांत ओल आणि गारठा सोसत नाहीत, आणि खुराड्यात अंथरलेल्या ओल्या तुसात कॉक्सिडिया या आतड्यातील एकपेशीय परजीवीचे जंतू दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. कोंबड्यांबरोबर एकाच जागेत चरणाऱ्या गिनी फाउलना हिस्टोमोनास या एकपेशीय परजीवीची लागण होऊ शकते, कारण तो आंधळ्या आतड्यातील जंतांच्या अंड्यांतून पसरतो आणि ती अंडी मातीत दीर्घकाळ तग धरतात. मानमोडी (राणीखेत) हा विषाणूजन्य रोगही या पक्ष्याला होतो. लसीकरणातून त्याला वगळण्याची पद्धत म्हणूनच चुकीची आहे.

दुसरी गफलत हगवण ओळखण्यातच होते. आंधळ्या आतड्यातून दिवसातून काही वेळा येणारी तपकिरी, चिकट आणि उग्र वासाची विष्ठा निरोगी पक्ष्याचीही असते. तिच्यावर उपचार करण्याचे काही कारण नाही. हिरवी विष्ठा मानमोडीत दिसते, तशीच ती पक्ष्याने खाणे सोडल्यावरही दिसते. गंधकासारखी पिवळी विष्ठा आणि मरगळ एकत्र असतील तर हिस्टोमोनासचा संशय घ्यावा. कॉक्सिडियाच्या लागणीला आपल्याकडे रक्ती हगवण म्हणत असले, तरी प्रत्येक वेळी रक्त दिसतेच असे नाही. ताजी विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया दोन्ही सापडू शकतात, आणि ही तपासणी स्वस्त असते.

ताक थोडे दिल्याने अपाय होत नाही, परंतु पक्ष्यांना दुधातील साखर नीट पचत नसल्याने ते भरपूर पाजल्यास विष्ठा अधिकच पातळ होते. हळद-लसणाबद्दल इतकेच म्हणता येईल की त्यांच्या भरवशावर वाया गेलेले दोन दिवस लहान पिलाला परवडत नाहीत.

मेट्रोनिडाझोल हिस्टोमोनाससारख्या परजीवींवर चालते, पण कॉक्सिडिया, जंत किंवा विषाणू यांवर त्याचा उपयोग नाही. शिवाय अंडी-मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांना ते देण्यास युरोप आणि अमेरिकेत मनाई आहे. कॉक्सिडिया निश्चित झाल्यास पशुवैद्यक बहुधा पाण्यातून अँप्रोलियम देतात. ते जीवनसत्त्व ब-1 च्या नकलेने परजीवीची उपासमार करते. त्यामुळे ‘ताकदीसाठी’ त्याच काळात बी-कॉम्प्लेक्स पाजणारा मालक औषधाचा परिणाम स्वतःच कमी करत असतो.

आता ब्रॉयलरच्या खाद्याविषयी. कॉक्सिडिया रोखण्यासाठी अशा खाद्यात मिसळल्या जाणाऱ्या घटकांपैकी मोनेन्सिन हा एक आहे. ब्रॉयलर तो सहज पचवतो. घोडा आणि गिनी फाउल यांच्यासाठी मात्र तो प्राणघातक ठरला आहे, आणि अमेरिकेत या औषधाच्या वेष्टनावर तसा इशारा छापणे बंधनकारक आहे. मोनेन्सिनच्या गटातील औषधे हृदयाला व स्नायूंना इजा करतात, त्यामुळे पाय लुळे पडलेला पक्षी पाहून मालकाला वाटते की हगवणीनेच अशक्तपणा आला, आणि तो तेच खाद्य आणखी आग्रहाने पुढे ठेवतो. प्रत्येक पोत्यात मोनेन्सिन असते असे नाही. पोत्यावरील घटक वाचावेत, आणि ते छापलेले नसतील तर ते खाद्य गिनी फाउलना घालू नये. पिलांना 24 ते 26 टक्के प्रथिनांचे, कॉक्सिडियारोधक औषध नसलेले खाद्य लागते.

आजारी पक्षी वेगळा काढून उबेत ठेवावा, त्याला इलेक्ट्रोलाइटचे पाणी द्यावे आणि खुराड्यातील ओले तूस त्याच दिवशी बदलावे. एखादा पक्षी दगावलाच तर तो पुरून न टाकता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फावर, मात्र न गोठवता, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत शवविच्छेदनासाठी पाठवावा. पुण्यात औंध येथे रोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा आहे.