इव्हॅनेसन्स ‘एका अल्बमचा बँड’ नाही

‘इव्हॅनेसन्स म्हणजे एका अल्बमची पुण्याई. गाणी सगळी बेन मूडीची, ॲमी ली नुसती चेहरा. २००३ मध्ये तो गेला आणि बँड तिथेच संपला.’ रॉकचा विषय निघाला की हे कोणीतरी ऐकवतंच, आणि ते इतक्या वेळा सांगितलं गेलंय की आता खरंच वाटायला लागलंय. इव्हॅनेसन्स हा अमेरिकन रॉक बँड, ॲमी ली त्याची गायिका आणि बेन मूडी त्याचा मूळ गिटारवादक. यातला एकेक दावा तपासून बघू.

आधी ‘एक अल्बम’. मार्च २००३ मध्ये आलेला ‘फॉलन’ प्रचंड खपला यात वादच नाही. अमेरिकेत त्याला डायमंड, म्हणजे एक कोटी प्रतींचं मानांकन आहे. पण बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाच्या मुख्य अल्बम यादीत तो तिसऱ्या क्रमांकाच्या वर कधीच गेला नाही. पहिल्या क्रमांकावर गेला तो २००६ चा ‘द ओपन डोअर’. त्यानंतर २०११ मध्ये बँडच्याच नावाने आलेला अल्बमही थेट पहिल्या क्रमांकावर उतरला. हे दोन्ही मूडी गेल्यानंतरचे. खप ‘फॉलन’पेक्षा कमी झाला, हे खरं. पण संपलेल्या बँडचे अल्बम आल्या आल्या पहिल्या क्रमांकावर जात नाहीत.

आता ‘गाणी मूडीची’. त्याचं श्रेय नाकारायचं कारणच नाही. बँड आर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये मूडी आणि ली या दोघांनी मिळून उभा केला, आणि ‘माय इमॉर्टल’ या गाण्याचा मूळ आराखडा त्याचाच. पण ‘फॉलन’च्या बहुतेक गाण्यांवर ली, मूडी आणि कीबोर्डवाला डेव्हिड हॉजेस अशी तिघांची नावं आहेत. ‘हॅलो’ ऐका: लहानपणी गेलेल्या धाकट्या बहिणीसाठीचं ते गाणं ॲमी लीच्या आयुष्यातून आलंय, दुसऱ्या कोणाच्या नाही.

आणि खरा पुरावा ‘द ओपन डोअर’मध्येच आहे. ‘लिथियम’ आणि शेवटचं ‘गुड इनफ’ ही तिने एकटीने लिहिलेली गाणी. ‘गुड इनफ’मध्ये पियानो आणि तंतुवाद्यं एवढंच, गिटारची भिंत नाही, ड्रम नाहीत, आवाज उघडाच समोर येतो. ‘लॅक्रिमोसा’त तर मोझार्टच्या ‘रेक्विएम’ या मृतांसाठीच्या प्रार्थना-रचनेतला कोरस घेऊन त्यावर जड गिटार चढवलीय. कोरस वर चढत जातो, खालून गिटार रेटत राहते आणि मधोमध तिचा आवाज कुठेही दबत नाही. हे ऐकल्यावर तिला ‘नुसता चेहरा’ म्हणवतं तरी कसं? याच अल्बममधलं ‘स्वीट सॅक्रिफाइस’, टेरी बाल्सामोसोबत लिहिलेलं, ग्रॅमीच्या हार्ड रॉक विभागात नामांकित झालं. बाल्सामो मूडीच्या जागी आलेला गिटारवादक. या अल्बमच्या कामादरम्यानच त्याला पक्षाघाताचा झटका आला होता, तरी अल्बम पुरा झाला.

‘फॉलन’मधल्या ‘ब्रिंग मी टू लाइफ’ या गाण्यातल्या पुरुषी रॅपवरून काही जण म्हणतात की बाईच्या आवाजाला टेकू लागलाच. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. तो आवाज रेकॉर्ड कंपनीला हवा होता, बँडला नव्हे. कंपनीला तर कायमचाच पुरुष गायक हवा होता. शेवटी एका गाण्यावर तडजोड झाली आणि ‘ट्वेल्व्ह स्टोन्स’ या बँडचा पॉल मॅकॉय गाऊन गेला. २०१७ च्या ‘सिंथेसिस’ अल्बममध्ये हेच गाणं ऑर्केस्ट्रासह पुन्हा केलं, तेव्हा रॅप काढून टाकला. गाणं तरीही भक्कम उभं राहतं.

शेवटचा आक्षेप: ‘दम असता तर नवा अल्बम यायला दरवेळी इतकी वर्षं लागली नसती.’ अंतर मोठं आहे, मान्य. पण त्याची कारणं आहेत. २०११ च्या अल्बमचं काम २०१० मध्ये निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइटसोबत सुरू केलं, ते मनासारखं होईना, म्हणून ते बाजूला ठेवून दुसरा निर्माता निक रास्कुलिनेक्झसोबत नव्याने सुरुवात केली. २०१४ मध्ये ॲमी लीने थकलेल्या मानधनासाठी रेकॉर्ड कंपनीला कोर्टात खेचलं आणि बँड त्या करारातून सुटला. ‘द बिटर ट्रूथ’ या पुढच्या अल्बमचं काम चालू असताना २०२० मध्ये महामारीने दारं बंद केली, मग त्यातल्या ‘वेस्टेड ऑन यू’चा व्हिडिओ सदस्यांनी घरीच, आपापल्या फोनवर चित्रित केला. अल्बम मार्च २०२१ मध्ये आला. त्यातल्या ‘यूज माय व्हॉइस’मध्ये हेलस्टॉर्मची लिझी हेल आणि द प्रिटी रेकलेसची टेलर मॉमसेन, म्हणजे आजच्या हार्ड रॉकमधल्या दोन आघाडीच्या गायिका, ॲमी लीच्या मागे कोरस गातायत.