नवव्या कोपऱ्याचा हिशेब

आमच्या घराण्यात गावं बघत नाहीत, 'करतात'. "गेल्या वर्षी आम्ही राजस्थान केलं," असं थोरला मेव्हणा म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावं, तिथली वाळू यानेच उभं राहून टाकून घेतली. केरळ त्याने सहा दिवसांत केलं, सिमला-मनाली पाच दिवसांत, आणि चंदीगड तर नुसतं जाता जाता. त्यामुळे निवृत्तीनंतरच्या पहिल्याच मे महिन्यात मी जाहीर केलं, की आम्ही दोघं आठ दिवस उत्तराखंडात कुमाऊँतल्या तळ्यांच्या मुलखात जाणार, एकाच जागी राहणार आणि काहीही करणार नाही, तेव्हा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग मेव्हण्याने हिला वेगळा फोन करून विचारलं, "भाऊजींची तब्येत बरी आहे ना?"

मुक्कामाला नौकुचियाताल निवडलं. काठगोदामला रेल्वे संपते, तिथून गाडीने घाट चढायचा, आणि भीमताल ओलांडून चारेक किलोमीटर गेलं की हे तळं. नैनितालला गर्दी असते, इकडे शांतता, असा माझा हिशेब. छत्तीस वर्षं जमाखर्चाच्या टेबलावर काढल्यामुळे माझे हिशेब सहसा चुकत नाहीत. हा थोडा चुकला. हिने चार स्वेटर, दोन शाली आणि माझ्यासाठी माकडटोपी घेतली होती. नैनिताल एकोणीसशे मीटरच्याही वर आहे आणि नौकुचियाताल त्याच्या बरंच खाली, हे मला दुपारी पंख्याखाली घाम पुसताना कळलं. माकडटोपी आठ दिवस बॅगेतून निघाली नाही. माकडं मात्र रोज येत.

पहिल्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी व्हरांड्यात खुर्ची टाकून तळं बघायला बसलो. समोर हिरवंगार पाणी, पलीकडे झाडीने भरलेला डोंगर, मध्ये एक नाव. सहा चाळीसला तळं बघून संपलं.

"आता?" मी विचारलं.

"आता बसा," ही म्हणाली.

"बसलोच आहे."

"तसं नाही. पाय हलवणं बंद करा आणि निवांत बसा."

निवांत बसणं हे काम आहे याची मला तोवर कल्पना नव्हती. पाय थांबवला तर बोटं वाजायला लागत. बोटं आवरली तर मनात येई, गॅस बंद केला होता का? पावणेआठपर्यंत मी व्हरांड्याच्या कठड्याचे गज मोजले (त्रेचाळीस, त्यातला एक वाकडा). समोरच्या झाडीतून एक पक्षी चार सुरांत सारखा ओरडत होता. खानसामा म्हणाला, तो 'काफल पाको' म्हणतोय, म्हणजे काफळं पिकली. काफळ म्हणजे इकडचं रानफळ, लाल, करवंदाहून लहान, मीठ लावून खातात. मला एकदम आमचा पावशा आठवला. मे महिना सरता सरता तो 'पेरते व्हा, पेरते व्हा' करून माणसाला कामाला लावतो. इकडचा पक्षी फळ पिकल्याची बातमी देतो, आमचा आदेश काढतो. मला निवांत का बसता येत नाही, याचं मूळ फार खोलवर आहे असं मला तेव्हा जाणवलं. पण नंतर खानसाम्याने त्या हाकेची गोष्ट सांगितली. पोरीने टोपलीतली काफळं खाल्ली असं समजून आईने तिला मारलं, त्यात ती गेली. फळं उन्हाने नुसती आकसली होती, संध्याकाळी टोपली पुन्हा भरलेली दिसली. तीच पोर पक्षी होऊन सांगत राहते, काफळं पिकली, मी नाही चाखली. त्यानंतर ही दिवसभर त्या पक्ष्याशी मान खाली घालून वागत होती, आणि मला तर पटलंच, की टोपली दोनदा मोजून घेतली असती तर हे झालं नसतं.

मोजण्याचा खरा प्रश्न पुढेच होता. नौकुचियाताल म्हणजे नऊ कोपऱ्यांचं तळं. काठावर एका जागी उभं राहून नऊच्या नऊ कोपरे ज्याला दिसतील त्याला मोक्ष मिळतो, असं इथे सांगतात. ही माहिती मला कोणी द्यायला नको होती. निवांतपणा तिथेच संपला. त्या दुपारी मी पाच मोजले. दुसऱ्या दिवशी थोडं उजवीकडे सरकून सहा. हिला सात दिसले, पण त्यातला एक मी नामंजूर केला, कारण ती नुसती वाकलेली फांदी होती. कोपरा कशाला म्हणायचं याचा काही नियमच नव्हता! इतकी वर्षं लोक मोक्ष घेतायत आणि व्याख्या ठरलेली नाही.

शेवटी तिसऱ्या दिवशी तळ्याचा हिशेब पाण्यातून तपासायला आम्ही नावेत बसलो. मी बोटवाल्याला माझ्या हिंदीत विचारलं, "इधर नौ कोपरे है ना? कहां कहां है?" तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "खोपरा? वो तो साब हल्द्वानी में मिलेगा." मग हिने हातवारे करून कोपरा काढून दाखवला. तो हसला आणि म्हणाला, "हां हां, हैं ना नौ." कुठे, ते त्याने सांगितलं नाही. या धंद्यात मोक्षाची हमी कोणी देत नसावं.

नाव मध्यावर आली तेव्हा त्याने सहज सांगितलं की इथे चाळीस मीटर खोल आहे, या सगळ्या तळ्यांत हेच खोल. मला पोहता येत नाही. लाइफ जॅकेटचा बंद मी तिसऱ्यांदा आवळला. नेमकी तीच वेळ साधून ही म्हणाली, "उद्या नैनितालला जाऊ या का?"

इतिहास स्वतःला असा गाठतो. १८४१ मध्ये शहाजहानपूरचा बॅरन नावाचा एक साखरेचा व्यापारी नैनितालच्या तळ्याशी पोचला. तळ्यावर हक्क सांगणाऱ्या नरसिंह नावाच्या माणसाला त्याने नावेत बसवून मध्यावर नेलं आणि हक्क सोडतोस की पाण्यात ढकलू असं विचारून सही घेतली, अशी गोष्ट तिकडे सांगतात. वाचली होती तेव्हा मला नरसिंह भित्रा वाटला होता. नाव जराशी डुलली. मी म्हणालो, "जाऊ."

नैनिताल अवघं पंचवीसेक किलोमीटर. सकाळी आठला निघालो आणि भवालीच्या पुढे एका वळणावर पावणेतीन तास उभे होतो. सगळा उत्तर भारत त्या दिवशी त्या एका रस्त्यावर 'शांतता' शोधायला आला असावा. पुढच्या गाडीतल्या लोकांनी चादर पसरून पत्ते मांडले. मागच्या गाडीतल्या आजींनी आम्हाला पराठे दिले. ड्रायव्हर झोपला. आणि गंमत म्हणजे त्या पावणेतीन तासांत माझा पाय एकदाही हलला नाही. मोजायलाही काही नव्हतं, गाड्यांचा शेवट दिसत नव्हता.

तळं मात्र सुंदर. एका टोकाला तल्लीताल, दुसऱ्या टोकाला मल्लीताल, मध्ये मॉल रोड, देवीच्या देवळातली घंटा. सतीचा डोळा इथे पडला म्हणून नैना. पण काठाने चालताना मला त्या डोंगरांवर चढलेल्या इमारतींचीच काळजी वाटत राहिली. १८८० साली १८ सप्टेंबरला इथलीच एक दरड कोसळून १५१ माणसं गाडली गेली, आणि त्या मलब्याने रुंद झालेल्या सपाट जागेवर आज लोक गाडी लावायला भांडतात. मी हे हिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला सहलीला आणणं म्हणजे तपासणी पथक आणणं." मग आम्ही कणसं खाल्ली आणि परतलो.

सातताललाही गेलो. ते मेव्हण्यामुळे. त्याचा रोज रात्री निरोप येई, "आज काय केलं?" आणि 'काही नाही' असं तीन दिवस लिहिल्यावर चौथ्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटायला लागली होती. तिथे ओकच्या झाडीत मोठमोठ्या नळ्या लावलेले कॅमेरे घेऊन पक्षीवेडे बसलेले. कोणी हूं का चूं करत नव्हतं. ते पाच-पाच तास एका फांदीकडे बघत बसतात आणि त्याला कोणी आळशीपणा म्हणत नाही. कॅमेरा घ्यायला हवा होता. एवढ्यात हिचा फोन आरतीच्या सुरात वाजला आणि आम्ही तळ्याकडे सटकलो. राम, लक्ष्मण आणि सीता ही तीन तळी तिथे एकमेकांना जोडलेली आहेत. आता ही हिशेबात तीन धरायची की एक? मी हा प्रश्न बोलून दाखवला नाही. ही नुसती माझ्याकडे बघत होती.

सातव्या दिवशी मी आठ कोपऱ्यांपर्यंत पोचलो. पहाटे, काठावरच्या एका दगडावर उभं राहून, मान पूर्ण डावीकडे वळवून. नववा झाडीमागे कुठेतरी होता. त्यासाठी आणखी एक पाऊल पुढे टाकायला हवं होतं आणि पुढे पाणी होतं. त्या वाटेने गेलो तर मोक्ष नक्की होता, पण वेगळ्या खात्यातून.

निघायच्या दिवशी गाडी भीमतालच्या काठाने उतरत होती. मी ग्रुपवर टाकायला यादी करत होतो: नौकुचियाताल, नैनिताल, सातताल, भीमताल (खिडकीतून).

"नववा राहिलाच," मी म्हणालो.

"मला दिसले नऊ," ही खिडकीबाहेर बघत म्हणाली. "परवा संध्याकाळी. चहा घेऊन बसले होते, मोजतही नव्हते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही आत घोरत होतात. म्हटलं, एकटीने मोक्ष घेऊन करायचं काय. शिवाय परतीची तिकिटं काढलेली. मग डोळे मिटले, पुन्हा मोजले, आणि आठ केले."