गेट काही उघडेना

इंग्रजी सोपी आहे असं आपल्याला वाटतं ना, त्याचं निम्मं श्रेय 'गेट' या एका शब्दाला द्यायला पाहिजे. गेट अप, गेट वेट, गेट मॅरिड, गेट लॉस्ट. माणूस उठतो, भिजतो, लग्न करतो, हरवतो (साधारण याच क्रमाने) आणि सगळं ओझं वाहायला हमाल एकच. ऑक्सफर्डच्या १९८९ च्या जाडजूड डिक्शनरीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेत म्हणून चॅम्पियन म्हणून त्याचं नाव घेतात, पण दिवसभरात सेट म्हणायची वेळ येते कितींदा? गेटशिवाय मात्र इंग्रजी माणूस सकाळी पलंगावरून खाली पण उतरू शकत नाही. आणि गंमत म्हणजे हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच, व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतला 'गेता' तिकडे गेला आणि गेट झाला. होड्या भरून दुसऱ्याचं न्यायला येणाऱ्यांनी 'मिळवणे' हा शब्द सोबत आणला, यात नवल ते काय.

तर मी नवऱ्याच्या नोकरीमुळे पोर्तुगालमध्ये, लिस्बनला राहते आणि संध्याकाळी पोर्तुगीजच्या क्लासला जाते. हौस नाही हो. इथं नागरिकत्व घ्यायचं तर भाषा येते असा कागद लागतो, त्यासाठी 'सिप्ले' नावाची ए-टू लेव्हलची, म्हणजे खालून दुसऱ्या पायरीची, परीक्षा आहे आणि तिचं पासिंग ५५ टक्क्यांना. ३५ वर पोसलेल्या आमच्या पिढीला हा आकडाच अपमानकारक वाटतो. वर्गात पंजाबचे दोघं, नेपाळी जोडपं, बांगलादेशचे तीनचार जण आणि युक्रेनच्या एक आजी, आणि सगळ्यांचा व्यवहार मोडक्या इंग्रजीतून. म्हणजे मी मराठीत विचार करणार, त्याचं इंग्रजी करणार, तिथं सगळ्याचं गेट होणार, आणि मग हे गेट घेऊन पोर्तुगीजच्या दारात उभं राहिलं की आतून विचारणा होते, कुठलं गेट बाई?

कारण यांच्याकडे प्रत्येक कामाला वेगळा माणूस. पत्र मिळालं तर रेसेबेर. खटपट करून मिळवलं तर कोंसेगीर. जाऊन आणायचं असेल तर बुश्कार. पोचलात तर शेगार. जाड झालात तर एंगोर्दार, म्हातारे झालात तर एंव्हेल्येसेर, आणि चहा गार झाला तर त्या बिचाऱ्या चहासाठी सुद्धा अर्रेफेसेर म्हणून स्वतंत्र क्रियापद! बरं हे उच्चार मी देवनागरीत नीट लिहितेय, इथले लोक बोलताना निम्मे स्वर गिळतात त्यामुळे ऐकताना फक्त श्श-र्र-श्श एवढंच कानावर येतं.

आमच्या बाई एवढं सगळं फळ्यावर लिहून झालं की एकेकाकडे वळून विचारतात, "पेर्सेबेश?" म्हणजे समजलं का, म्हणजे परत गेटच, डू यू गेट इट. आता हाच शब्द मी एका हॉटेलच्या मेनूकार्डवर वाचला आणि किंमत बघून डोळे पांढरे झाले. पेर्सेबेश नावाचा एक प्राणी पण असतो, समुद्रातल्या खडकांना चिकटून राहतो, दिसायला डायनॉसोरच्या अंगठ्यासारखा आणि भाव सोन्यासारखा. लाटांमध्ये उतरून जीव धोक्यात घालून काढतात म्हणून महाग. तेव्हापासून बाईंनी समजलं का विचारलं की मला आधी किलोचा भाव आठवतो.

पण खरा छळवादी शब्द फिकार. नुसतं नाव ऐकून फिकीर वाटावी असा. आजारी पडणे म्हणजे फिकार, रागावणे म्हणजे फिकार, खूष होणे म्हणजे पण फिकार, इथपर्यंत गेटच्या जागी टाकता येतो म्हणून जीव जरा सुखावतो, तोच कळतं की घरी राहणे म्हणजे सुद्धा फिकार. स्टेशन कुठे आहे विचारलं तर ते तिकडे 'फिका'. ड्रेस तुला शोभतोय, तर छान 'फिका'. सुट्टे पैसे ठेव तुलाच, फिकार. एवढ्यावर थांबेल तर शपथ, वरच्या मजल्यावरची ब्राझीलची मुलगी (तिकडे पण पोर्तुगीजच बोलतात) एकदा लिफ्टमध्ये सांगत होती की आमच्याकडे पार्टीत एखाद्या पोराबरोबर चुम्माचाटी झाली आणि पुढे काही नातं वगैरे नाही तर त्यालाही फिकारच म्हणतात. हे बाईंनी फळ्यावर लिहिलं नव्हतं.

ब्राझीलचं तर वेगळंच पुराण. लिस्बनमध्ये बस पकडायची तर अपान्यार, तोच अपान्यार ऊन खायला, पावसात सापडायला, झाडाचे ऑलिव्ह काढायला, दोरीवरचे वाळलेले कपडे गोळा करायला. छान, कष्टाळू शब्द आहे. पण ब्राझीलमध्ये नुसतं अपान्यार म्हटलं की मार खाणे! तिथं बस पकडायची ती पेगारने. आमची ही वरची मुलगी इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला पत्र आलं, प्रोपीना वेळेत भरा नाहीतर दंड. इथं प्रोपीना म्हणजे कॉलेजची फी, आणि तिच्या देशात प्रोपीना म्हणजे लाच. लाचेची मुदत छापील पत्राने कळवणारं आणि उशिरा दिली तर दंड लावणारं कॉलेज तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. (आपण एवढे दचकलो नसतो.)

आणि हा अपान्यारच सर्दीला पण लागतो. सर्दी होणे, गेट अ कोल्ड, याचं इथलं रूप 'अपान्यार उमा कोंश्तिपासांव'. होय, कोंश्तिपासांव म्हणजे सर्दी. आता पुढचं ऐका. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सद्गृहस्थांनी सकाळी सकाळी इंग्रजीत जाहीर केलं की मला भयंकर कॉन्स्टिपेशन झालंय, माझ्या जवळ कुणी येऊ नका. नवऱ्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाई आल्या होत्या. इसबगोल, त्रिफळा चूर्ण आणि काळे मनुके असं साग्रसंगीत पाकीट दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर गेलं. गृहस्थांनी नाक पुसत पुसत ते घेतलं. मूळ ज्याला आपण कॉन्स्टिपेशन म्हणतो त्याला इथं 'प्रिझांव द व्हेंत्र' म्हणतात, म्हणजे शब्दशः पोटाचा तुरुंगवास. इतकं समर्पक नाव मी कुठल्याच भाषेत ऐकलेलं नाही.

मला सगळ्यात राग कशाचा येतो माहितीय? पोर्तुगीज आपल्याला इतकी परकी नाहीचे. १५१० मध्ये गोव्यात शिरले ते थेट १९६१ ला गेले, तेवढ्या काळात बटाटा, पाव, साबण, चावी, काजू, अननस, लिलाव, सगळं आपल्या घरात येऊन बसलं. पण बघा, सगळ्या वस्तू! क्रियापदं मात्र बेट्यांनी परत नेली. 'पगार' हे त्यांचं अस्सल क्रियापद, पैसे देणे, ते आपल्याकडे आलं पण येता येता नाम झालं, म्हणजे आपण देण्याची क्रिया काढून टाकली आणि महिनाअखेरची रक्कम तेवढी ठेवून घेतली.

आणि मधलं ते गेट काढून टाकलं तर बऱ्याच ठिकाणी मराठीची वाट जवळची पडते. आपण बस पकडतो, ते पण पकडतातच. आपली बस चुकते, त्यांची हरवते, दुःख सारखंच. सगळ्यात भारी म्हणजे इथं कॅफेत "कॅन आय गेट अ कॉफी" चं नम्र भाषांतर आहे 'केरीया उं काफे', शब्दशः मला एक कॉफी हवी होती. इंग्रजीवाले वर्गात डोकं खाजवत होते की समोर उभं राहून भूतकाळ कशाला, आणि मी एकटी मान डोलावत होते, कारण मी जन्मभर दुकानात जाऊन "पाव किलो रवा हवा होता" असंच म्हणत आलेय. इथल्या जुन्या वेटर लोकांचा यावर एक ठरलेला जोक आहे, "केरीया? मग आता नकोय का?" हा जोक आमच्या गल्लीतला वाणी पण करायचा, तेवढ्याच गंभीर चेहऱ्याने.

बाईंना एकदा चहाच्या सुट्टीत मी आपला 'लागणे' समजावून सांगत होते. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, लग्न लागतं, आग लागते, (लग्न आणि आग वेगळं, हेही सांगितलं), बस फलाटाला लागते आणि मग त्याच बसमध्ये बसल्यावर माणसाला बस लागते. बाई शांतपणे म्हणाल्या, आणि तुम्ही लोक फिकारबद्दल तक्रार करता?

असो. सध्या माझं भांडण अर्रांझारशी चालू आहे. अर्रांझार म्हणजे मिळवणे, जमवणे, दुरुस्त करणे, नटणे, आणि कोळीण मासे साफ करून देऊ का विचारते ते पण अर्रांझार. आमचा गॅस गीझर बिघडला तर मेकॅनिक आला, त्याने दोन वेळा टकटक केलं, आत डोकावला आणि प्रसन्न हसून म्हणाला, "इसू अर्रांझा-स". मी खूष. मग दारात चपला शोधताना लक्षात आलं की याचा अर्थ 'दुरुस्त होईल' असा आहे, 'पार्ट मिळेल' असा आहे, की आपल्याकडे 'होऊन जाईल हो' म्हणतात तसला आहे, हे काही कळायला मार्ग नाही. नवरा म्हणतो पहिला. ब्राझीलवाली म्हणते दुसरा. मेकॅनिक फोन उचलत नाही म्हणजे मला वाटतं तिसरा. तोवर पाणी स्टोव्हवर तापवायचं आणि आंघोळ उरकायची, त्यासाठी कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात जाऊन बादली आणली. बादलीला पोर्तुगीजमध्ये बाल्द म्हणतात. केरीया उं बाल्द म्हटलं, लगेच मिळाली.