नमुना घरी ठेवूनच दुकानात जावे

न्हाणीघरातला नळ गळतो आहे, पडद्याचा रॉड महिनाभर कॉटखाली पडून आहे आणि प्लंबर ‘आलोच’ म्हणून गेला त्याला पंधरवडा झाला. तेव्हा दोन्ही कामं आता तुम्हीच करणार, हे ठरलं. छान. फक्त हार्डवेअरच्या दुकानाची पायरी चढण्याआधी थोडी तयारी करा, नाहीतर पहिल्याच फेरीत बरोबर वस्तू हाती लागायचा धोका असतो.

आधी मुहूर्त. रविवारी साडेबाराच्या सुमारास कॉक बंद करा, जुना नळ काढून ठेवा, आंघोळ राहिलेला निदान एक माणूस घरात असू द्या आणि मग निघा. शटर अर्ध्यावर आलेलं असताना वाकून आत शिरणारं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, खोका उघडून बघत नाही, दुसऱ्या दुकानात जायची धमकी देत नाही. काउंटरवरचा मुलगा मोबाइलमधून मान वर करेल न करेल, पण तुम्हाला त्याने ओळखलेलं असतं.

काढलेला नळ मात्र बरोबर नेऊ नका. नमुना काउंटरवर ठेवला की बोलणंच खुंटतं. त्यापेक्षा माप घेऊन जा. पोरांच्या कंपासपेटीतली पट्टी आट्यांवर आडवी धरा, २१ मिलिमीटरच्या आसपास भरेल. पाऊण इंच म्हणजे १९, एक इंच म्हणजे २५. म्हणजे हा पाऊण इंचीच, असं गणित मांडून ‘पाऊण इंची द्या’ असं ठासून सांगा. मुलगा देईल. घरातला साधा नळ जवळजवळ नेहमी अर्धा इंचीच असतो, हे त्याला ठाऊक असतं. हे माप एके काळी लोखंडी पाइपाच्या आतल्या भोकाचं होतं, आता नावापुरतं उरलंय आणि अर्धा इंची आटे बाहेरून मोजले की २१च भरतात, हे त्याच्या मालकाला तरी नक्की ठाऊक असतं. पण मालक जेवायला गेलेत, आणि तुम्ही विचारलं कुठे?

खऱ्या पाऊण इंचीचे आटे २६ मिलिमीटरच्या वर भरतात. इंचाला १४ आटे मात्र दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे पिशवीत असेपर्यंत सगळं जुळल्यासारखं वाटतं. घरी तो नळ भिंतीतल्या एल्बोच्या, म्हणजे पाइपाच्या वाकड्या जोडाच्या, तोंडाला नुसता टेकतो, आत शिरत नाही. मग दुसरी फेरी. या फेरीत नळ बदलून मिळत नाही, वर रिड्यूसर, म्हणजे लहान-मोठे आटे जुळवणारा तुकडा, मिळतो. तो लावला की नळ भिंतीपासून दोन बोटं पुढे येतो आणि धार बादली सोडून तुमच्या पायावर पडते.

गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळायची टेफ्लॉन टेप सगळ्यात हलकी घ्या. ती इतकी विरळ असते की पलीकडचं दिसावं, आणि रीळ निम्मं पोकळ. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळली तर नळ पिळताना ती आणखी आवळत जाते. तुम्ही उलटी गुंडाळा, म्हणजे पिळता पिळता उलगडून पिसासारखी बाहेर येईल. मग राग येऊन पंचवीस वेढे द्या. एल्बो पितळी आट्यांचा असेल तर निभावतो. नुसत्या प्लॅस्टिकचा असला तर एवढ्या जाडीवर नळ आवळताना तो भिंतीच्या आत कट्कन वाजतो, आणि मग टाइल फोडायला कोणाला बोलवायचं हे वेगळं सांगायला नको. तो ‘आलोच’ म्हणालेलाच आहे.

नळ आवळायला अॅडजस्टेबल पाना लागेल. ‘चांगल्यातला दाखवा’ म्हटलंत की मुलगा विचारतो, ‘साहेब, रोज वापरायचाय का?’ या प्रश्नाचा खरा अर्थ असा की एकदाच वापरायचा असेल तर तो एकदाही चालला नाही तरी हरकत नसावी. सरकता जबडा अंगठ्याने हलवून बघू नका. हलक्या पान्यात तो नाटकातल्या दातांसारखा खुळखुळतो, कारण खालच्या पेचाची चाकी आणि जबड्याचे दाते यांच्यात जागा राहिलेली असते. अशा पान्याने नट पकडला की जबडा जोराबरोबर उघडतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. चांगला पानासुद्धा फिरवायची एक रीत आहे: ज्या बाजूला फिरवायचं त्या बाजूला सरकता जबडा ठेवायचा, म्हणजे मुख्य जोर पक्क्या जबड्यावर येतो. हे दुकानात कुणी सांगणार नाही याची खात्री बाळगा.

आता रॉड. खिडकीच्या वर जिथे तो बसवायचा, नेमकी तिथेच लिंटलची काँक्रीट तुळई असते, विटा नव्हेत. ही गोष्ट दुकानात बोलू नका. नुसतं म्हणा, ‘ड्रिलचं सहाचं बिट द्या.’ भिंतीच्या बिटच्या टोकाला कार्बाइडची टिकली झाळून बसवलेली असते आणि ती दांड्यापेक्षा थोडी रुंद असते. लोखंडात भोक पाडायचं बिट टोकापर्यंत एकसंध. मुलाच्या हाताशी जे आहे ते तुमचं. नशिबाने भिंतीचंच निघालं, तरी स्वस्तातल्या बिटची टिकली मधोमध नसते. सहाचं बिट सातचं भोक पाडतं, तेही लंबगोल. ड्रिलचा ठोके देणारा हॅमर चालू न करता काँक्रीटवर पाच मिनिटं दाबून धरलंत तर टोक तापून निळं पडतं, झाळ मऊ होते आणि टिकली भिंतीत कायमची राहायला जाते.

एवढं करूनही भोक पडलंच, तर गिट्टी आहे, म्हणजे स्क्रू धरून ठेवायला भोकात ठोकायची प्लॅस्टिकची नळी. सहाची गिट्टी साताच्या भोकात स्क्रूबरोबर गोल गोल फिरते. त्यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय म्हणजे काडेपेटीच्या दोन काड्या, आणि गिट्टीपेक्षा त्या जास्त विश्वासू निघतात, हे कबूल केलंच पाहिजे. स्क्रूचं माप सांगू नका. या गिट्टीला आठ नंबरचा, म्हणजे ४.२ मिलिमीटर जाडीचा, दीड इंची स्क्रू शोभतो. तुम्ही ‘स्क्रू द्या’ एवढंच म्हणालात तर ज्या खोक्याचं झाकण उघडं आहे त्यातले मिळतील: सहा नंबर, एक इंची. हिशेब बघा. एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर. ब्रॅकेटच्या पत्र्यात दोन-तीन गेले, आतल्या प्लास्टरमध्ये बारा-पंधरा. उरलेले सात-दहा मिलिमीटर काँक्रीटमध्ये, आणि त्यातही साडेतीन मिलिमीटर जाडीचा बारीक स्क्रू गिट्टीला फुगवतच नाही. थोडक्यात, तुमचा पडदा प्लास्टरच्या भरवशावर लटकतो आहे. जाडसर कापड, लहान मूल आणि लपाछपी एवढं जमून आलं की निकाल लागतो.

स्क्रू पिळायला बत्तीस तुकड्यांचा सेट घ्या. एक दोन नंबरचा प्लस आणि एक बऱ्यापैकी मायनस यांत घरची बहुतेक कामं होतात, पण दोन तुकड्यांना पारदर्शक पेटी कोण देणार? टोकावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे चांगल्या पोलादाचं नाव ठळक अक्षरांत उठवलेलं असतं. अक्षरांना खर्च येत नाही, पोलाद कडक करायला येतो. प्लसचं टोक मऊ, स्क्रूची खाच उथळ, दोघांची गाठ पडली की जो जास्त मऊ त्याचं नाक आधी जातं. कानस फिरवून पाहिली तर कळतं: कडक पोलादावरून ती घसरते, मऊ असेल तर धातू खरवडते. पण प्लॅस्टिकचं पाकीट फोडायला मागितलंत तर ‘फोडलं तर घ्यावं लागेल’ हे ठरलेलं. पक्कडही पाकिटातूनच बघा. बंद करून उजेडाकडे धरली की तिच्या कापायच्या धारेतून फट दिसते, आणि मग उगाच घ्यावीशी वाटत नाही.

एकाच वस्तूच्या बाबतीत दुकानदार तुमची मनापासून काळजी घेतो. मोजायच्या टेपचं टोकाचं आकडं थोडं ढिलं असतं. ते आकडं स्वतःच्या जाडीइतकं मागेपुढे सरकावं म्हणूनच तसं ठेवलेलं असतं, म्हणजे कडेला अडकवून ओढलं किंवा भिंतीला टेकवून ढकललं तरी माप बरोबर येतं. तुम्ही ‘हे हलतंय’ म्हणालात की मुलगा तत्परतेने हातोडीचे दोन ठोके घालून रिव्हेट घट्ट करून देतो. सगळ्या दुकानात ढिली असायला हवी अशी ही एकच गोष्ट, आणि तीच तेवढी पक्की होऊन तुमच्या घरी येते.

पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, म्हणजे हार्डवेअरच्या जुन्या बाजारात, जायचा मोह टाळा. तिथे काही काउंटरमागे अशी म्हातारी माणसं बसलेली असतात की तुमच्या हातातला नट बोटांत फिरवून माप सांगतात, भिंत विटांची की काँक्रीटची ते विचारतात आणि ‘हे नका घेऊ, काका’ असंही म्हणतात. अशाने फेऱ्या एकवर येतात आणि रविवार रिकामा पडतो.

बिल मागू नका. मागितलंत तर ‘मग अठरा टक्के वेगळे’ असं उत्तर येतं. पाकिटावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, हा बारीक अक्षरातला मजकूर वाचायला चष्मा लागतो आणि तो घरी राहिलेला बरा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला बिलावर मुदत दिलेली नसेल, तर तीस दिवसांत तो परत घेऊन पैसे देणं टाळणं हीसुद्धा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करून तक्रारही करता येते. पण काउंटरच्या मागे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी एवढ्या सुरेख अक्षरांत रंगवलेली असते की तिचा अपमान करवत नाही.

तरीही धीर करून, नाक गेलेला स्क्रूड्रायव्हर घेऊन तिसऱ्या फेरीला गेलातच, तर मुलगा पहिल्यांदाच वस्तू नीट निरखून बघेल. उजेडात धरेल, अंगठा फिरवेल, टोक नखाने खरवडेल आणि म्हणेल, ‘काका, हा तर तुम्ही वापरलाय.’