आर या पार

आर ही आकडेवारी हाताळणारी संगणकभाषा शिकायला घेतलेल्या इंदूरच्या समस्त मुलामुलींनो, तुमच्यापैकी काहींना एक वाईट सवय लागल्याचं कानावर आलं आहे. स्क्रीनवर लाल अक्षरांत काही उमटलं की तुम्ही ते वाचायला जाता म्हणे. ही सवय आधी मोडा. लाल अक्षरं वाचायची नसतात, बघून घाबरायचं असतं.

आर तीन सुरांत बोलते. मेसेज म्हणजे नुसती माहिती. वॉर्निंग म्हणजे काम केलंय, पण मला शंका आहे. एरर म्हणजे काम थांबवलंय. हा फरक ज्याला कळला त्याची निम्मी भीती जाते, म्हणून तो कळू देऊ नका. टायडीव्हर्स नावाचा आरच्या तयार पॅकेजेसचा गठ्ठा लोड करताना कोणकोणती पॅकेजेस आली आणि कोणत्या फंक्शनचं नाव कोणत्या फंक्शनखाली झाकलं गेलं, एवढीच यादी ती देते. ती यादी दिसताक्षणी कपाळाला हात लावा आणि आर काढून पुन्हा टाका. तरी यादी आलीच, तर विंडोज पुन्हा टाका. तरीही आलीच, तर बाबांना सांगा की या लॅपटॉपवर आर चालतच नाही. संशोधनाची सुरुवात अनुदानापासूनच होते.

पुढची पायरी मदत मागण्याची. प्रत्येक बॅचमध्ये एक दादा असतो, ज्याला एकदा कधीतरी बारचार्ट जमला होता. रात्री साडेअकराला, तो सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा किस खात उभा असेल तेव्हा, त्याला स्क्रीनचा फोटो पाठवा. फोटो मोबाइलनेच काढा, तिरपा काढा, त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब येईल असं बघा, आणि एररची ओळ नेमकी कडेला कापली जाऊ द्या. खाली लिहा, ‘भिया, आर चालत नाहीये.’ कोणती ओळ चालवली, डेटा कसा दिसतो, काय अपेक्षित होतं, हे त्याने विचारलं तर दुखावल्यासारखं करा. ‘सगळं बरोबरच लिहिलंय’ एवढं उत्तर पुरे. दादा हुशार असेल तर तुमची अडचण दहा ओळींच्या खोट्या डेटावर पुन्हा घडवून दाखव म्हणेल. अशा दादाशी संबंध कमी करा, कारण ती दहा ओळींची फाइल बनवताना चूक आपोआप सापडते आणि मग विचारायला काही उरत नाही.

कोड कुठे लिहावा, हा प्रश्न फार जण विचारतात. वर्डमध्ये. वर्ड तुमची सरळ अवतरणचिन्हं प्रेमाने वळणदार करून देतो. आरला ती वळणं ओळखता येत नाहीत आणि ती ‘अनएक्सपेक्टेड इनपुट’ म्हणून अडते. डोळ्यांना दोन्ही चिन्हं सारखीच दिसत असल्यामुळे एक दुपार सहज निघते. दोन दुपारी काढायच्या असतील तर तोच कोड व्हॉट्सअ‍ॅपवर मैत्रिणीला पाठवा. तिथे दोन ताऱ्यांमधला मजकूर ठळक होतो आणि तारे दिसेनासे होतात. तारा हे आरमध्ये गुणाकाराचं चिन्ह आहे, हे मैत्रिणीला सांगू नका.

कंस उघडला की बंद करायचा नाही. बंद न केलेला कंस किंवा अवतरणचिन्ह दिसलं की आर पुढच्या ओळीच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह दाखवून वाट बघत बसते. वाक्य पुरं करा, एवढंच तिचं म्हणणं असतं. एस्केपची कळ दाबली की ती मोकळी होते, म्हणूनच ती कळ सोडून बाकी सगळ्या दाबा. एंटर दाबा, पुन्हा एंटर दाबा, कोड पुन्हा पेस्ट करा. अधिकच्या चिन्हांची माळ खाली वाढत जाईल. त्या माळेकडे बघत चहा घ्या.

रागवायचंच असेल तर आरच्या जन्मदात्यांवर रागवा. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती घडवली, बेल लॅब्जमधल्या एस नावाच्या जुन्या भाषेच्या धर्तीवर. पहिली पक्की आवृत्ती, १.०.०, आली २९ फेब्रुवारी २००० रोजी, म्हणजे मोरारजी देसाईंच्या वाढदिवशी. भाषा शिस्तीची का निघाली, ते यातच आलं.

नावं ठेवण्याची कला वेगळी शिकावी लागते (इंदुरात ती उपजतच असते, पण इथे व्हेरिएबलबद्दल, म्हणजे डेटाला दिलेल्या नावाबद्दल बोलतोय). आर मोठी आणि लहान लिपी वेगळी मानते. म्हणून डेटाचं नाव सोमवारी मोठ्या अक्षरांत ठेवा, मंगळवारी लहान अक्षरांत हाक मारा आणि ‘ऑब्जेक्ट नॉट फाउंड’ आलं की फाइल चोरीला गेल्याचा संशय घ्या. त्याहून सरस म्हणजे डेटा फ्रेमला, म्हणजे डेटाच्या तक्त्याला, ‘डीएफ’ म्हणणं. सगळेच म्हणतात. गंमत अशी, की डीएफ नावाचं फंक्शन आरमध्ये आधीपासून आहे, संख्याशास्त्रातल्या एफ वितरणाची घनता काढणारं. फाइल वाचण्याची ओळ चालवायला विसरा आणि थेट डीएफमधला वयाचा कॉलम मागा. आर तुमची फाइल नाही असं म्हणत नाही, कारण त्या नावाचं काहीतरी तिच्याकडे असतं. ती म्हणते, ‘ऑब्जेक्ट ऑफ टाइप क्लोजर इज नॉट सबसेटेबल.’ फंक्शनमधून कॉलम तोडून देता येत नाही बाबा, असं ती कळवळून सांगत असते. तुम्ही मात्र ते वाक्य स्टेटसला ठेवा, खाली एक रडका चेहरा टाका.

फाइलचा पत्ता विंडोजमधून जसाच्या तसा उचलावा, उलट्या तिरप्या रेघांसकट. आरमध्ये त्या रेघेला विशेष अर्थ असतो, आणि तिच्यापुढे यूजर्सचं मोठं यू आलं की आरला तो युनिकोडचा, म्हणजे अक्षराच्या संकेताचा, आकडा वाटतो. रेघा सरळ तिरप्या केल्या किंवा दुप्पट केल्या की काम होतं. पण मग लॅबमधले सर काय करतील?

इथवरचं सगळं पोरखेळ होता, हे एव्हाना लक्षात आलं असेल. एरर आली म्हणजे कोड थांबला आणि थांबला म्हणजे तुमचं फार नुकसान झालं नाही. खरा तरबेज माणूस तो, ज्याचा कोड कुठेही न अडता शेवटपर्यंत जातो आणि चुकीचं उत्तर देतो. या वरच्या वर्गात यायचं असेल तर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत वॉर्निंगची पातळी उणे एक करून टाका. आर गप्प बसते. घरातल्या थोरल्या माणसांनाही अशी सोय असती, तर सणवार किती सुखाचे गेले असते!

समजा तुमचा प्रकल्प आहे, इंदूरच्या मराठी कुटुंबांचा घरखर्च. फॉर्म भरून झालेत, एक्सेलमध्ये चढलेत. वस्तीच्या कॉलममध्ये कुणी ‘सुदामानगर’ लिहिलंय, कुणी ‘सुदामा नगर’, तर कुणी ‘सुदामा नगर’ लिहून शेवटी एक जागा सोडलीय. तुम्हाला ही एक वस्ती दिसते, आरला तीन. २०१७ ते २०२३ स्वच्छतेत पहिला नंबर न सोडलेल्या, ओला कचरा कोणता नि सुका कोणता हे झोपेतही सांगणाऱ्या आपल्या शहराने एक्सेलच्या फाइलीला सूट दिलेली आहे. तिचा फायदा घ्या. वारंवारतेचा तक्ता काढून बघू नका, त्यात ती तिन्ही सुदामानगरं शेजारी शेजारी उभी दिसतात आणि मन खट्टू होतं.

आता खर्चाच्या कॉलमकडे या, तिथे खरी मजा आहे. फॉर्म दोघांनी चढवलेत. तुम्ही २५००० असा आकडा घातलात. तुमच्या मित्राने शाळेत शिकवल्याप्रमाणे स्वल्पविराम देऊन १,२५,००० घातला, आणि तोही मजकुराच्या रूपात बसला. एका मजकुरामुळे आख्खा कॉलम मजकूर झाला. सरासरी मागितली तर एनए, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, आलं. इथे थांबून कॉलमच्या चार ओळी बघितल्या असत्या तर स्वल्पविराम दिसले असते आणि ते काढून टाकायला एकच ओळ लागली असती. म्हणून थांबू नका. कॉलमला सरळ अंकात बदलायला सांगा. आर स्वल्पविरामवाला प्रत्येक आकडा एनए करेल आणि ‘एनएज इंट्रोड्यूस्ड बाय कोअर्शन’ असं पुटपुटेल. पण वॉर्निंग बंद आहेत, त्यामुळे पुटपुटणं ऐकू येणार नाही. (आकडे देवनागरीत घातले असतील तरी हाच प्रकार होतो, तेव्हा मातृभाषेचा अभिमान इथेही बाळगता येईल.) पुन्हा सरासरी मागा, पुन्हा एनए येईल. आता दादाने शिकवलेला रामबाण काढा : एनए वगळ, ट्रू. आली सरासरी! छान, गोल, पटण्याजोगी. मित्राच्या वाट्याला साउथ तुकोगंजची सुखवस्तू वस्ती होती, ती आख्खी हिशेबातून गळाली एवढंच. मराठी माणूस गरीब आहे असा निष्कर्ष निघाला, तर टाळ्या देणारे पुष्कळ भेटतील.

तारखांवर माझं विशेष प्रेम आहे. मुलाखतीची तारीख आपण लिहितो तशी, दिवस-महिना-वर्ष, तिरप्या रेघांनी लिहा : ०३/०४/२०२३. टायपिंग अर्थातच इंग्रजी अंकांत. मग फॉरमॅट न सांगता आरला तिची तारीख बनवायला सांगा. आर आधी वर्ष येणार असं धरून चालते. ती तीनला वर्ष मानते, चारला महिना, आणि २०२३मधले पहिले दोन आकडे उचलून दिवस करते. उत्तर येतं, इसवी सन ३, एप्रिलची २० तारीख. एरर नाही, वॉर्निंगसुद्धा नाही. तुमच्या सगळ्या मुलाखती सातवाहनांच्या काळात झाल्या आणि झाडून सगळ्या २० तारखेला झाल्या. पद्धतशीर सर्वेक्षण म्हणतात ते हेच.

मतांचा आलेख काढायचा झाला तर ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ असे पर्याय द्या आणि क्रम आरवर सोपवा. ती वर्णानुक्रमाने लावते : कमी, जास्त, मध्यम. आलेखात मधला खांब उंच आला की समाधान मध्यम आहे असं लिहून मोकळे व्हा. आणि यूट्यूबवर शिकायचंच असेल तर २०२०च्या आधीचे व्हिडिओ शोधा. तेव्हा फाइल वाचताना आर मजकुराचे आपोआप फॅक्टर, म्हणजे क्रमांक दिलेले पर्याय, करायची. आवृत्ती ४.०.०पासून ती खोड तिने सोडली. जुन्या पद्धतीने बनवलेल्या फॅक्टरला थेट अंकात बदललं की उत्पन्नाच्या जागी पर्यायांचे अनुक्रमांक येतात. कुटुंबाचं मासिक उत्पन्न १७ रुपये. इतक्या खाली कोणत्याही सरकारला जमलं नसतं.

हे सगळं फक्त नवशिक्यांना जमतं असं समजून न्यूनगंड बाळगू नका. कार्मेन रेनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१०मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर निबंध लिहिला. जगभरच्या काटकसरवाद्यांनी तो डोक्यावर घेतला. पुढे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्नडन हा विद्यार्थी गृहपाठ म्हणून त्यांचे आकडे पुन्हा काढायला बसला. ते जुळेनात, तेव्हा त्याने लेखकांकडूनच एक्सेलची फाइल मागवली. सरासरीच्या सूत्रात ओळी कमी निवडल्या गेल्या होत्या आणि पाच देश बाहेर राहिले होते. ही चूक आणि डेटा निवडण्याच्या, भार देण्याच्या पद्धतीवरचे इतर आक्षेप धरून, फार कर्जबाजारी देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्याऐवजी २.२ टक्के निघाली. सूत्रातली चूक लेखकांनी मान्य केली, कर्ज फार झालं की वाढ मंदावते हा निष्कर्ष मात्र सोडला नाही. शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्या, ती तोंडी परीक्षेत उपयोगी पडते. जीवशास्त्रज्ञ तर आणखी पुढे गेले. एक्सेल काही जनुकांच्या नावांची तारीख करून टाकतं, मार्च-१ नावाच्या जनुकाची १ मार्च होते. अखेर २०२०मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलच्या सवयीपेक्षा मानवी जनुकांची नावं बदलणं सोपं गेलं, तर तुम्ही कॉलम तपासत बसावं अशी अपेक्षा कोण करणार?

राहता राहिली तोंडी परीक्षा. परीक्षक बाहेरगावचे असतील याची चौकशी आधी करून ठेवा. सकाळी पोहे-जिलबी खाऊ घाला, पोह्यांवर जीरावण मसाला सढळ हाताने पेरा. तरीही ते चष्मा पुसून विचारतीलच, ‘हे सुदामानगर तीनदा कसं आलं?’ नम्रपणे सांगायचं, ‘सर, तिथे सेक्टर आहेत.’ तारखांवर बोट ठेवलं तर ऐतिहासिक दृष्टिकोन म्हणा. आणि त्यांनी स्क्रिप्ट तुमच्यासमोर पुन्हा चालवून दाखवायला सांगितली, तर प्रोजेक्टरची वायर कुठून निघते ते आधीच बघून ठेवलेलं बरं.